गप्प राहायला शिकलेला चुंबक

मी एक जुना चुंबक आहे. चुंबक म्हटल्यावर, मित्रांनो, तुमच्या डोळ्यांसमोर टाचण्या उचलणारा, बोटाएवढा तुकडा आला असेल. मी तसा नाही. मी खोलीभर आहे. माझ्या मधोमध एक बोगदा आहे आणि सरकत्या फळीवर आडवं झोपून माणूस त्या बोगद्यात येतो. रुग्णालयातले लोक मला एमआरआय म्हणतात. लहान मुलं मात्र आत शिरताना मला काय वाटेल ते म्हणतात. गुहा म्हणतात, रॉकेट म्हणतात, आणि एक मुलगा तर रडकुंडीला येऊन म्हणाला होता, "मला कपडे धुवायच्या मशीनमध्ये घालू नका!" त्याचं फारसं चुकलं नव्हतं. मी आवाज तसाच करतो.

माझा जन्म एका मोठ्या कारखान्यात झाला. माझ्या अंगात तारांची वेटोळीच वेटोळी आहेत. ती हेलियम नावाच्या द्रवात बुडवलेली असतात. तो द्रव इतका गार असतो की त्याच्यापुढे बर्फसुद्धा उबदार वाटावा. त्या गारठ्यात तारेतली वीज कुठेच अडखळत नाही. मला इथे आणून बसवलं तेव्हा इंजिनियरने एकदाच माझ्यात वीज सोडली, ती अजून गोल गोल फिरतेच आहे. दिवे जातात, पंखे थांबतात, पण माझं चुंबकपण काही जात नाही.

मला दारातून आत आणता येईना म्हणून चक्क भिंत पाडली होती. क्रेनने मला उचललं तेव्हा खाली केवढी गर्दी! पहिल्या दिवसांत माझे काय लाड झाले म्हणून सांगू! मला पाहायला डॉक्टर यायचे, त्यांच्या खिशातली पेनं उडून मला चिकटायची आणि मग सगळे हसायचे. मी गुडघे पाहिले, मणके पाहिले, पडून डोकं आपटलेली मुलं पाहिली. "हाडाच्या आतलंसुद्धा दाखवतो हा," असं लोक म्हणत आणि मला गुदगुल्या होत.

मग शेजारच्या खोलीत नवा चुंबक आला. तो माझ्यापेक्षा उंच, माझ्याहून ताकदवान आणि अंगाने अगदी पांढराशुभ्र. रुग्णांची रांग तिकडे वळली. माझ्या खोलीत जास्तीच्या उशा, प्लास्टिकच्या खुर्च्या आणि गेल्या कुठल्यातरी वर्षाचं कॅलेंडर येऊन बसलं. छतातला एक दिवा फडफडायला लागला, तो कुणी बदलला नाही. मला रोज भेटणारे एकच, आमचे तंत्रज्ञ काका. ते येत, माझ्या हेलियमचा काटा बघत, मऊ फडक्याने माझं तोंड पुसत आणि म्हणत, "काय म्हातारबुवा, आहात ना?" मी होतो. पण नुसतं असणं आणि उपयोगी पडणं यात फार अंतर असतं, मित्रांनो.

अशात एक दिवस ताई आली. ती डॉक्टर नव्हती, संशोधक होती. मेंदू उत्तर कसं देतो, याचा तिचा अभ्यास. नव्या चुंबकावर तिला वेळ मिळेना, म्हणून तिला मी मिळालो. तिचे सर म्हणाले होते, "जुन्यावर भागव." ती माझ्या खोलीत आली, उशा उचलल्या, खुर्च्या बाहेर काढल्या आणि कमरेवर हात ठेवून म्हणाली, "जुना असला तरी तब्येत छान आहे की याची!" मला ती तिथेच आवडली.

मेंदू उत्तर देतो म्हणजे काय, ते आधी सांगतो. तुम्ही एखादा आवाज ऐकलात की मेंदूचा एक कोपरा कामाला लागतो. काम करणाऱ्याला भूक लागते, म्हणून त्या कोपऱ्याकडे ताजं रक्त धाव घेतं. ताज्या रक्तात प्राणवायू असतो. प्राणवायू असलेलं रक्त आणि तो देऊन रिकामं झालेलं रक्त, यातला फरक मला जाणवतो. म्हणून मी सांगू शकतो, की आत्ता इथे काम चाललंय. फक्त एक आहे, की हे रक्त जरा रमतगमत येतं. आवाज होऊन जातो आणि मग चार-पाच सेकंदांनी रक्ताची लाट भरात येते. हा उशीर पुढे आमच्या फार कामी आला.

ताईच्या कामाची पद्धत अशी होती. हेडफोनमधून माणसाला शब्द ऐकवायचे, काही हळू, काही मध्यम, काही मोठ्याने. मग कॉम्प्युटरला विचारायचं, की आवाज वाढला तशी रक्ताची लाट कुठे वाढली? जिथे दोन्ही बरोबरीने चढत जातील तिथे पडद्यावर नारिंगी ठिपका उमटायचा. कागदावर पट्टी धरून सरळ रेघ मारावी तसा हा हिशेब होता. बहुतेकांचा मेंदू त्या पट्टीत बसायचा. एखाद्याचा ठिपका फिका आला, तर काकांचा हात आपोआप आवाजाच्या बटणाकडे जायचा. "थोडा वाढवतो," ते म्हणायचे. मी इतका खडखडाट करणारा, त्यामुळे आवाज वाढवणं ही त्या खोलीची सवयच होऊन गेली होती.

आणि मग बिट्टी आली.

तिचं खरं नाव वेगळं होतं, पण घरचे सगळे तिला बिट्टीच म्हणत. दोन वेण्या, पुढचे दात पडलेले आणि हातात कापडाचा, एक कान उसवलेला ससा. वर्षापूर्वी तिला मेंदूचा ताप आला होता. त्यातून ती वाचली, चालायला लागली, जेवायला लागली, पण बोलणं थांबलं. हाक मारली तरी वळेना. कानाच्या डॉक्टरांनी कान तपासले तर ते ठणठणीत. मग आवाज कानात शिरून पुढे जातो कुठे? ते बघायला तिला माझ्याकडे पाठवलं होतं.

तिच्याबरोबर तिची आई होती आणि आईचे सासरे, म्हणजे बिट्टीचे आबा. आबांना स्वतःलाच कमी ऐकू यायचं, त्यामुळे ते जे बोलत ते सगळ्या मजल्यासाठी बोलत.

"बिट्टी! हे बघ केवढं मोठं मशीन! घाबरायचं नाही हं!" आबा गरजले. काचेपलीकडे, मला चालवायच्या खोलीत, काका दचकले. बिट्टी मात्र भिंतीकडे बघत उभी.

आईचे प्रश्न संपत नव्हते. आत हवा पुरते का? दिवे गेले तर फळी बाहेर कशी काढता? तिने झोपेत कूस बदलली तर? तिच्या दाताला सिमेंट भरलंय, ते ओढलं जाईल का? काका एकेक उत्तर देत होते आणि ती प्रत्येक उत्तरानंतर त्यांच्या चेहऱ्याकडे जरा जास्त वेळ बघत होती, खरं सांगतायत की नुसती समजूत घालतायत ते ताडून पाहावं तसं. शेवटी तिने बिट्टीच्या केसांतल्या पिना काढल्या, आपल्या काढल्या, परत एकदा बिट्टीचे खिसे चाचपले आणि मग ताईला बाजूला घेऊन विचारलं. तिचा आवाज पार बसलेला होता. वर्षभर मोठ्याने बोलून बोलून घसा गेला होता बिचारीचा.

"मॅडम, एकच विचारते. मी दिवसभर हिच्याशी बोलते. भाजी चिरताना बोलते, वेणी घालताना बोलते. ते हिला पोचतं का? नसेल पोचत तर तसं सांगा. खुणांनी बोलायला शिकेन मी, त्याचं काही नाही. पण असं भिंतीशी बोलल्यासारखं... ते नाही होत आता."

"बघू या," ताई म्हणाली. "आज कळेल."

त्या दिवशी नाही कळलं. बिट्टी शहाण्यासारखी निजली, मी माझा नेहमीचा खडखडाट केला, हेडफोनमधून शब्द गेले. पडद्यावर मेंदूचं करडं चित्र आलं आणि त्यावर एकही ठिपका नव्हता. काकांनी आवाज वाढवला. पुन्हा काहीच नाही. सर मागे येऊन उभे राहिले. ते वाईट माणूस नव्हते, मित्रांनो. त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला.

"आवाजाला उत्तर नाही," ते म्हणाले. "आठवडाभरात तिच्या डॉक्टरांना अहवाल पाठवायचाय. खुणांची भाषा ताबडतोब सुरू करा म्हणावं. ती चांगलीच आहे. पण बोलण्याच्या वर्गात त्या पोरीला उगाच ताटकळत नको ठेवायला."

म्हणजे बिट्टीच्या आईला जे उत्तर हवं होतं ते जवळजवळ ठरलं होतं, की नाही पोचत.

पण निघताना एक गोष्ट घडली. माझ्या खोलीच्या दारापाशी सगळे पायातलं काढून ठेवतात. बिट्टी तिथे स्टुलावर बसली होती, सशाचा उसवलेला कान चघळत. आबांनी हुकूम सोडला, "बिट्टी! सँडल घाल! चल, उशीर होतोय!" ती दगडासारखी बसून राहिली. आबांनी अजून मोठ्याने सांगितलं, तर तिने डोळेच मिटून घेतले. मग आई तिच्या मागे वाकली, केसांत पिना खोचू लागली आणि त्या बसलेल्या घशातून जेमतेम हवा निघावी तसं पुटपुटली, "सँडल घाल, राणी."

बिट्टीचा पाय सँडलमध्ये सरकला.

आईच्या ते लक्षात आलं नाही, तिच्या तोंडात पिना होत्या आणि जीव घड्याळात. ताईच्या मात्र आलं. ती दाराला धरून तशीच उभी राहिली.

"सर, आई मागून बोलली होती," ताई नंतर काचेपलीकडे सांगत होती. इंटरकॉमचं बटण चालूच राहिलं होतं, म्हणून मला सगळं ऐकू आलं. "बिट्टीला तिचं तोंड दिसतच नव्हतं."

"सँडल समोर होती. मुलं घालतात सँडल," सर म्हणाले.

"आबा ओरडत होते तेव्हाही समोरच होती."

"योगायोग असू शकतो ना, अगं."

"असू शकतो. पण आपण काय विचारलं मेंदूला? आवाज वाढला की तुझं उत्तर वाढतं का? आणि समजा हिचं वाढतच नसेल. हळू आवाजाला उत्तर येतं, थोडा वाढला की अजून येतं आणि मग एकदम मिटून जातं. म्हणजे टेकडी आहे. टेकडीवर आपण पट्टी आडवी ठेवली, तर पट्टी काय सांगणार? इथे सगळं सपाट आहे."

तुम्हाला गुदगुल्या करतात ना कुणी? हलक्या हाताने केल्या की तुम्ही खिदळता. जरा जोर लावला की जास्त खिदळता. पण कुणी बोटं रुतवलीच, तर हसू जातं आणि अंग चोरून घेता. मग तो बोटं रुतवणारा म्हणेल का, की या मुलाला गुदगुल्याच होत नाहीत? ताईचं म्हणणं एवढंच होतं.

तिने तीच जुनी माहिती घेतली आणि सरळ रेघेऐवजी वळणारी रेघ लावून पाहिली. कानामागच्या भागात एक-दोन अगदी फिके ठिपके उमटले. ताई खुर्चीतून उठलीच. सर म्हणाले, "बस खाली. वळणाऱ्या रेघेला मोकळं सोडलं की ती वाटेल तिथे वळते. ढगात हत्ती शोधला की सापडतोच. एका आईला सांगायचंय हे. ढगातला हत्ती सांगणार आहेस तिला?"

ताई खाली बसली. तिला राग आला होता, पण तिला हेही कळत होतं की सर बरोबर बोलतायत. खोटी आशा देणं म्हणजे त्या आईचं मन दुसऱ्यांदा मोडणं.

"मग परत तपासू," ती म्हणाली. "या वेळी आधी ठरवू. कुठल्या भागात, कसली टेकडी दिसली तर 'हो' म्हणायचं. नाही दिसली तर 'नाही'. नंतर सोयीने बदलायचं नाही. ठिपके फिके का आले तेही मला वाटतं कळलंय."

"का आले?"

ताईने काचेतून माझ्याकडे बोट दाखवलं. "याच्यामुळे."

मित्रांनो, मी हादरलो. पण तिचं खरं होतं. हळू शब्द बिट्टीपर्यंत पोचणार कसे? त्यांच्यावर माझा खडखडाट होता. तिचा मेंदू आवाजाने लवकर भरून जाणारा, आणि मी तर मोठ्या आवाजाचाच डोंगर. आम्ही तिला डोंगरावर उभं करून विचारत होतो, तुला टेकडी दिसते का म्हणून.

"नव्या मशीनवर करू या का?" सरांनी विचारलं.

काका हसले. "सर, तो तर याच्याहून जास्त, गाढवासारखा ओरडतो. ताकद जास्त ना."

तेव्हा रक्ताचा तो उशीर उपयोगी आला. शब्द ऐकवायचा तेव्हा मी पूर्ण गप्प राहायचं. शब्द संपून चार-पाच सेकंद जातील, रक्ताची लाट वर येईल आणि त्याच क्षणी मी झटकन एकदा खडखडून ती टिपायची. मग पुन्हा गप्प. आयुष्यभर मी सलग बोलणारा. मला हे जमेल का, अशी मलाच शंका होती. ताई आणि काका दोन दुपारी माझी शिकवणी घेत होते. बोगद्यात माणसाऐवजी पाण्याची बाटली ठेवायची, मला थांबवायचं, सोडायचं, पुन्हा थांबवायचं. तरी एक आवाज उरलाच. माझ्या डोक्यावर हेलियम गार ठेवणारा पंप आहे, तो दिवसरात्र चुकचुकत असतो.

"हा बंद करता येईल?" ताईने विचारलं.

काकांनी डोकं खाजवलं. "थोडा वेळ. पण म्हातारा आहे. पंप बंद राहिला की याचा हेलियम हळूहळू उडायला लागतो. आणि एकदा का सगळा उडाला, तर याच्यासाठी परत कुणी भरणार नाही, ताई. इथेच संपेल हा."

ताईने माझ्या अंगावर हात ठेवला. मी बोलू शकलो असतो तर म्हटलं असतं, बंद करा. उशांचं कपाट होऊन बसण्यापेक्षा ते बरं.

बिट्टी दुसऱ्यांदा आली तेव्हा आईने आल्या आल्या विचारलं, "आधीचं चुकलं होतं का?"

"आधी आम्ही प्रश्न नीट विचारला नव्हता," ताई म्हणाली. "या वेळी वेगळ्या तऱ्हेने विचारणार आहोत. पण उत्तर 'नाही' येऊ शकतं. मी तुम्हाला आधीच सांगून ठेवते."

आईने मान हलवली. आज हेडफोनमध्ये तिचाच आवाज असणार होता. सशाच्या, चिमणीच्या, पावाच्या तुकड्याच्या छोट्या छोट्या ओळी ताईने तिच्याकडून आदल्या दिवशी फोनवर म्हणवून, रेकॉर्ड करून घेतल्या होत्या. त्याच ओळी कुजबुजीपासून गर्जनेपर्यंत वेगवेगळ्या पायऱ्यांवर वाजणार होत्या, कुठल्या क्रमाने ते फक्त कॉम्प्युटरला ठाऊक. आईला माझ्या तोंडाशी बसायची परवानगी होती, पण एका अटीवर.

"हात लावायचा नाही," ताई म्हणाली. "तुम्ही पाय धरलात आणि त्याला मेंदूने उत्तर दिलं, तर आपल्याला कळणार नाही ते कशाला दिलं."

आईने दोन्ही हात मांड्यांखाली दाबून ठेवले. बिट्टीचा एक मोजा घसरला होता आणि टाच उघडी पडली होती. खोली गार. आई त्या टाचेकडे एकटक बघत होती, पण तिने हात बाहेर काढला नाही. मी पुष्कळ शूर माणसं पाहिली आहेत, मित्रांनो. मोडलेली हाडं घेऊन न कण्हता निजणारी. त्या दिवशी सगळ्यात शूर ती बाई होती.

काकांनी पंप बंद केला. आणि माझ्या खोलीत, माझ्या आठवणीत पहिल्यांदाच, शांतता झाली. बाहेरच्या जिन्यावर कुणी चढत होतं, ते ऐकू आलं. बिट्टीचा श्वास ऐकू आला.

मग हेडफोनमध्ये अगदी हळू तिच्या आईचा आवाज आला, "सशाने कान हलवला."

मी थांबलो. मला इतका वेळ गप्प राहायची सवय नव्हती, अंगातल्या तारा नुसत्या शिवशिवत होत्या. थांब, मी स्वतःला म्हटलं. अजून थांब. आणि मग मी खडखडलो, एकदाच.

तिथे रक्त आलं होतं.

ताजं, प्राणवायूने भरलेलं, कानामागच्या त्या कोपऱ्यात. मोठी लाट नव्हती ती, पण होती. पुढची ओळ जरा वरच्या पायरीवर आली आणि लाट वाढली. मग एक गर्जना आली आणि लाट बसली, जशी कुणी फुंकर मारून विझवावी. पुन्हा कुजबुज. आणि पुन्हा लाट! मला ओरडून सांगावंसं वाटत होतं, पण त्या दिवशी माझं सगळं काम न ओरडण्याचंच होतं. मी टिपत राहिलो. हेलियमचा काटा खाली सरकत होता. काचेपलीकडे काकांची नजर त्या काट्यावर, ताईची पडद्यावर आणि सरांची ताईवर.

शेवटची ओळ संपली तसा काकांनी धावत जाऊन पंप लावला. तो खोकला, थांबला, परत खोकला आणि मग चुकचुकायला लागला. हेलियम थोडा गेला होता, सगळा नाही.

आता चित्र दिसायला वेळ होता. ताईने आईला जेवून यायला सांगितलं. आई हलली नाही. तिने आधी बिट्टीचा मोजा वर ओढला, टाच दोन्ही तळव्यांत धरून चोळली आणि तशीच माझ्या उघड्या दारासमोरच्या बाकावर बसून राहिली. आबा तिच्यासाठी चहा घेऊन आले आणि त्यांनी आपल्या मते हळूच विचारलं, "काही कळलं का?" जिन्यावरची दोन माणसं वळून बघायला लागली.

सर स्वतः बाहेर आले. ताईला त्यांनी एकटीला पुढे केलं नाही, की मागेही ठेवलं नाही. शेजारी उभी केली.

"तुमच्या मुलीला आवाज पोचतो," ते म्हणाले. "हळू आवाज पोचतो. मोठा आवाज झाला की तिचा मेंदू दार लावून घेतो. आधी ठरवलं होतं तिथेच, तसंच दिसलंय. मागच्या वेळी मी 'नाही' म्हणणार होतो. ते बरोबर ठरलं नसतं."

आईने विचारलं, "म्हणजे मी बोलते ते..."

"ऐकते ती. समजतं किती, ते मला आज सांगता येणार नाही. तो रस्ता पुढचा आहे आणि लांबचा आहे. खुणाही शिकवा, त्यांनी नुकसान काहीच नाही. पण बोलणं थांबवू नका. फक्त हळू."

आई रडेल असं मला वाटलं होतं. ती रडली नाही. ती बिट्टीच्या मागे गेली, समोर नाही, मुद्दाम मागे, आणि तिच्या वेणीपाशी वाकून, ओठ जेमतेम हलवत, बराच वेळ काहीतरी बोलत राहिली. मला ते ऐकू आलं नाही, आणि बरंच झालं. ते माझ्यासाठी नव्हतं. बिट्टीने मात्र सशाचा कान चघळणं थांबवलं होतं.

त्यानंतर पुष्कळ महिने गेले. बिट्टी बोलण्याच्या वर्गात जायला लागली. तिथल्या बाई म्हणे सगळ्या वर्गाला कुजबुजत शिकवतात, त्यामुळे तो वर्ग रुग्णालयातला सगळ्यात शहाणा वर्ग झालाय. खुणाही ती शिकते आणि आई तिच्याबरोबर शिकते. ताईने वळणाऱ्या रेघांवर मोठं काम केलं. आता दुसऱ्या गावांहूनही अशी मुलं इथे येतात आणि त्यांना नव्या चुंबकाकडे नाही, माझ्याकडे पाठवतात, कारण गप्प राहायचं मला येतं. प्रत्येकाची टेकडी निराळी असते. कुणाची उंच, कुणाची बसकी. एकाची तर चक्क दरी निघाली. कुणाची निघत नाही, आणि त्या दिवशी काका माझं तोंड पुसताना काहीच बोलत नाहीत. माझ्या हेलियमची भरपाई झाली. छतातला तो फडफडणारा दिवासुद्धा बदलला.

गेल्या आठवड्यात बिट्टी परत तपासायला आली. पुढचे दात आले होते. आबा दारातूनच सुरू झाले, "काय काका! ओळखलं का आमच्या बिट्टीला! केवढी झाली बघा!"

बिट्टीने दोन्ही कानांवर हात ठेवले. मग एक हात काढला, आबांची बाही ओढली आणि म्हणाली, "आबा, हळू."

आवाज म्हणजे कागद सरकावा एवढाच. पण काकांनी ऐकला. ताईने ऐकला. आईच्या हातातल्या पिना खाली पडल्या आणि घरंगळत माझ्या दिशेने निघाल्या, तरी कुणी हललं नाही.

"घरी बोलते का अशी?" ताईने विचारलं.

आईने नुसती मान हलवली. नाही. हे पहिलंच होतं.

"काय? काय म्हणाली ती?" आबा चहूकडे बघत विचारायला लागले. "सगळे असे का बघताय? मला नाही ऐकू आलं! सूनबाई, काय म्हणाली?"

आणि इतके महिने जपून, कुजबुजत बोलणारी ती आई आबांच्या कानाशी गेली आणि घशाच्या शिरा ताणून ओरडली, "आबा, ती म्हणतेय, हळू!"

आबा आधी हसले, मग खाली बसले, आणि मग त्यांना रुमाल लागला. बिट्टीने कान घट्ट धरून ठेवले होते आणि ती खिदळत होती.

मित्रांनो, मी आता थकलोय. माझा पंप आणखी किती दिवस चालेल ते काकांनाही सांगता येत नाही. माझ्यासारखं जुनं यंत्र तुमच्या आसपास कुठे असेल, तर त्याच्या अंगावर उशा रचण्याआधी त्याला एखादं नवं काम विचारून बघा. आणि तुमच्या वर्गात, तुमच्या घरात कुणी असं असेल, की ज्याच्याकडून उत्तर येत नाही, तर त्याला उत्तर येतच नाही असं लगेच ठरवू नका. आवाज वाढवायला हात शिवशिवेल, तो आवरा. जरा हळू विचारा, दुसऱ्या तऱ्हेने विचारा, आणि विचारून झालं की स्वतः गप्प राहा. रक्ताला यायला थोडा वेळ लागतो.